देहाची भाषा आणि देशाची भाषा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचा अव्हेर करणे आमच्याने झाले नाही. वास्तविक आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आणि आमचे सारे आयुष्य मुलांना बाराखडी, शुद्धलेखन आणि पाढे शिकविण्यात गेले. नाट्यकलेवर बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु आमच्या धाकट्या बंधूंची कन्या एक वर्ष इटलीस राहून आंगिक अभिनयाचे, म्हणजे ज्यास हल्ली 'फिजिकल थिएटर' म्हणतात त्याचे, शिक्षण घेऊन आली. तिच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ वाचले, पुष्कळ ऐकले. ती जाण्यापूर्वी आणि परत आल्यावरही आप्तेष्टांनी आम्हांस दोन प्रश्न वारंवार विचारले. पहिला असा की, हातपाय हलविण्याची विद्या शिकण्यास परमुलखात कशासाठी जावे? आणि दुसरा असा की, जेथे देहानेच बोलावयाचे तेथे इटालियन भाषेचा एवढा खटाटोप कशास हवा? आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांचा विचार लवकरच कार्यकारिणीपुढे येत आहे. म्हणून या प्रश्नांची उत्तरे आज जाहीरपणे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. आपल्या भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांतील आंगिक अभिनयाची एक मोठी परंपरा इटलीत सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत नांदली. तिला 'कोमेदिया देल्लार्ते' असे नाव आहे. या परंपरेचा एक अत्यंत जुना कागद उपलब्ध आहे. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआ नगरात आठ नटांनी एकत्र येऊन लेखप्रमाणकासमोर एक करारपत्र केले. त्या करारपत्रातील कलमे ऐकाल तर आपल्याच मंडळाची घटना वाचीत आहोत की काय, असे वाटेल. एकास पुढारी नेमून सर्वांनी त्याच्या आज्ञेत राहावे. मिळालेला पैसा एका पेटीत ठेवावा आणि तिच्या तीन किल्ल्या तिघांजवळ असाव्यात. कोणी आजारी पडल्यास त्याचा खर्च सामाईक पैशातून व्हावा. सामान वाहण्यास समाईक खर्चाने घोडा घ्यावा. आणि आपसांत पत्ते खेळावयाचे झाल्यास खाण्याच्या जिनसांखेरीज दुसरे काही पणास लावू नये! नाटकाचा धंदा म्हणजे उनाडांचा मेळा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा करार अवश्य लक्षात घ्यावा. शिस्त, हिशेब आणि परस्परसाहाय्य या तीन पायांवर ही कला उभी राहिली.

या नाटकमंडळ्यांपाशी संपूर्ण लिहिलेली संहिता नसे. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असे, आणि संवाद नट आयत्या वेळी रचीत. फ्लामिनिओ स्काला यांनी १६११ साली असे ५० सांगाडे छापून प्रसिद्ध केले. आपल्या दक्षिण कोकणातील दशावतार ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. तेथेही कथा ठरलेली असते आणि संवाद नटाच्या बुद्धीतून रंगभूमीवरच उमटतात.

स्त्रियांविषयीही एक शब्द सांगणे जरूर आहे. इसाबेल्ला आंद्रेइनी ही पादुआ येथे १५६२ साली जन्मलेली स्त्री या रंगभूमीवर तर गाजलीच. परंतु ती कवयित्रीही होती. तिचे 'मिर्तिल्ला' हे नाटक १५८८ साली छापून निघाले, आणि पाव्हिया येथील विद्वत्सभेने तिला आपली सभासद करून घेतले. कुलीन मुलीने रंगभूमीवर जावे काय, हा प्रश्न आमच्या बंधूंच्या घरी पुष्कळ दिवस घोळत होता. त्यास आम्ही इसाबेल्लेचे चरित्र हेच उत्तर दिले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. देहाच्या विद्येस भाषा कशाला?

या नाटकांतील पुष्कळ पात्रे मुखवटे घालीत. पांतालोने हा व्हेनिसचा कंजूष व्यापारी, दोत्तोरे हा बोलोन्याचा पढतमूर्ख पंडित, आणि झान्नी म्हणजे बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून पोट भरण्यास व्हेनिसला आलेला हमाल किंवा नोकर. प्रत्येकाची बोली निराळी. पांतालोने व्हेनिसच्या बोलीत बोलणार, पंडित अशुद्ध लॅटिन मिसळून बोलोन्याच्या बोलीत, झान्नी बेर्गामोच्या खेडवळ बोलीत, आणि प्रेमी युगुल तेवढे तोस्कानातील ग्रांथिक भाषेत! आपल्याकडे एकाच नाटकात मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी बोलणारी पात्रे एकत्र आणावी, तसाच हा प्रकार. झान्नीची चाल आणि झान्नीची बोली या वेगळ्या वस्तू नव्हेत. पाठीवर ओझे वाहून वाकलेला कणा, भुकेने पुढे आलेली मान आणि खेडवळ उच्चार ही सारी एकाच दारिद्र्याची रूपे आहेत. जो मुंबईस गाठोडे घेऊन उतरला आणि ज्याच्या बोलण्यास शहर हसले, अशा पूर्वजांची आठवण ज्या ज्या घरात आहे, त्या घरास झान्नी कोण हे वेगळे सांगावयास नको.

झान्नीच्या कुळातूनच आर्लेक्किनो हा प्रसिद्ध नोकर निपजला. कार्लो गोल्दोनी यांनी अठराव्या शतकात लिहिलेल्या 'दोन धन्यांचा नोकर' या नाटकात तो एकाच वेळी दोन धन्यांस जेवण वाढतो आणि स्वतः मात्र उपाशी असतो. हे नाटक जॉर्जो स्ट्रेलर यांनी १९४७ साली मिलान येथील पिक्कोलो तेआत्रो या नव्या संस्थेत बसविले. त्यांतील मार्चेल्लो मोरेत्ती हे नट प्रथम चेहरा रंगवूनच काम करीत. पुढे पादुआचे शिल्पकार आम्लेतो सार्तोरी यांनी चामड्याचे मुखवटे सिद्ध केले. लाकडाचा साचा कोरावयाचा, त्यावर ओले चामडे ताणावयाचे आणि शिंगाच्या हातोडीने ते ठोकून बसवावयाचे, ही विस्मरणात गेलेली कारागिरी त्यांनी पुन्हा शोधून काढली. मोरेत्ती १९६१ साली निवर्तले आणि आर्लेक्किनो फेरुच्चो सोलेरी यांच्याकडे आला. त्यांनी तो वयाची ऐंशी उलटल्यावरही, २०१८ सालापर्यंत, उड्या मारीत साकार केला. देह ताब्यात ठेवणे हा किती दीर्घ योग आहे, हे यावरून ध्यानात यावे.

याच सार्तोरींकडे १९४८ साली एक फ्रेंच व्यायामशिक्षक येऊन पोहोचले. त्यांचे नाव झाक लेकोक. पादुआच्या विद्यापीठीय नाट्यमंडळींत शिकविण्यास ते आले, आणि एकंदर आठ वर्षे इटलीत राहिले. १९५६ साली पॅरिसमध्ये त्यांनी जी शाळा काढली, तिच्या शिक्षणक्रमाने जगभरच्या आंगिक अभिनयास वळण लावले. त्या शिक्षणक्रमात आरंभी एक मुखवटा येतो. त्यावर हसू नाही, रडू नाही, राग नाही. तो चढविणाऱ्याने बोलावयाचे नाही. चेहऱ्याची सारी कसरत थांबली म्हणजे माणूस कसा उभा राहतो आणि श्वास कसा घेतो, ते उघडे पडते. एका शिक्षकास दुसऱ्या देशाने केवढे दिले, याचे हे उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते.

आपल्याच देशात काय कमी आहे, असे कोणी विचारील. कमी काहीच नाही. एउजेनिओ बार्बा हे इटलीत जन्मलेले दिग्दर्शक १९६३ साली केरळात कलामंडलम् येथे कथकलीचे शिक्षण पाहण्यास आले, आणि त्याचा ठसा त्यांच्या पुढील कार्यावर उमटला. विद्या अशीच दोन्ही वाटांनी जाते. त्यांनी यावे आणि आपण मात्र जाऊ नये, असा नियम कोठे आहे?

आता आमच्या पुतणीचा अनुभव सांगतो. ती प्रथम पेरूजा येथे भाषा शिकण्यास राहिली. तेथे परदेशीयांसाठी विद्यापीठ आहे. त्याचा आरंभ १९२१ साली झाला. सकाळपासून वर्गात इटालियनच. शिक्षक इंग्रजीचा आधार देत नाहीत. येथे आमच्या जुन्या बाराखडीचा मोठा उपयोग झाला. इंग्रजीवाटे गेलेला मुलगा 'टेआट्रो' म्हणतो. खरा उच्चार 'तेआत्रो' आहे, आणि आपला दंत्य 'त' त्यास नेमका लागू पडतो. 'ग्रात्सिए' म्हणजे 'आभारी आहे', यातील 'त्स' आपल्या 'चमचा' शब्दातील दंततालव्य 'च' सारखा आहे. आपला 'ञ' तेथे नित्य लागतो. जोडाक्षराकडे दुर्लक्ष केल्यास मात्र अर्थाचा अनर्थ होतो. 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. आपल्या 'सखा' आणि 'सख्खा' यांत आहे तेवढाच हा भेद. म्हणून मुलांनी इटालियन शिकताना वहीत उच्चार देवनागरीत लिहावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पुढे ती उत्तर इटलीतील एका नाट्यशाळेत दाखल झाली. सकाळी श्वास आणि आवाज, मग कोलांट्या व तोल, मग मुखवटा. आणि सायंकाळी विद्यार्थ्यांनी गट करून स्वतःच प्रवेश रचावयाचे. शिक्षकांच्या सूचना क्षणार्धात येत: 'स्पाल्ले' म्हणजे खांदे, 'जिनोक्क्या' म्हणजे गुडघे, 'पेसो' म्हणजे वजन, 'आस्कोल्ता' म्हणजे ऐक. शब्द कळून मनात भाषांतर होईपर्यंत उडी निघून गेलेली असे. दुसऱ्यांस पाहून मग हालणारा देह नेहमीच अर्धा क्षण मागे राहतो, आणि या कलेत अर्धा क्षण म्हणजे सर्वस्व. तिसऱ्या महिन्यात तिचा धीर सुटला. रात्री तिने फोन केला आणि म्हणाली, "काका, मी येथे मुकी झाले आहे. परत यावेसे वाटते." आम्ही तिला एवढेच सांगितले की, पहिलीतले मूलही पहिले काही महिने वर्गात मुकेच असते, ते ऐकत असते.

त्याच आठवड्यात शिक्षिकेने तिला तिच्या मातृभाषेत प्रवेश करावयास सांगितला. तिने बाजारात भाजीच्या भावावरून हुज्जत घालणारी म्हातारी मराठीतून उभी केली. वर्गात एकासही शब्द कळला नाही, तरी सारा वर्ग हसला. कोणासही वाटेल की येथे भाषेचे काम संपले! परंतु दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने तीच म्हातारी इटालियनमध्ये मागितली. आणि पाहते तो काय, म्हातारीचे हात निराळे झाले, श्वास निराळ्या जागी तुटू लागला, मानेचा झटका वाक्याच्या शेवटी न येता मध्येच आला. बोलणे हे देहापासून वेगळे नाही. जीभ, घसा, छाती ही देहाचीच अंगे आहेत, हे तिला तेव्हा उमगले. भाषा शिकणे हे तिच्या नाट्यशिक्षणाच्या आधीचे काम नव्हतेच. तोच तिच्या शिक्षणाचा गाभा होता. पुढील महिन्यांत ती बोलू लागली, आणि वर्ष पुरे करूनच परतली.

ज्यांस आपली मुले पाठवावयाची असतील, त्यांच्यासाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. त्यांतील तिसरी, म्हणजे बी-१, येथेच गाठून जावे. इटलीत उतरल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत वास्तव्य-परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. विद्यार्थ्यास आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. परंतु दिवसभर देह श्रमविणाऱ्या शिक्षणात त्या मिळकतीवर भिस्त ठेवू नये. शाळा खाजगी असल्यास तिच्या प्रवेशावर व्हिसा मिळतो की नाही, याची वकिलातीत आधी खात्री करून घ्यावी.

आणि एक कटु गोष्टही लपवीत नाही. या विद्येने ठराविक पगार मिळत नाही. आमची पुतणी आज शाळांतून मुलांची नाट्यशिबिरे घेते, नाटकांतील नटांस हालचालींचे शिक्षण देते. कोणत्या महिन्यात हाती बरे पडते, कोणत्या महिन्यात थोडे. तिच्या वडिलांनी काढलेले कर्ज अद्याप फिटावयाचे आहे.

म्हणूनच कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे. आपल्या निधीच्या नियमांत वैद्यक, स्थापत्य, कायदा यांची नावे आहेत. कलाशिक्षणाचे नाव नाही. ते घालावे. मात्र डोळे झाकून घालू नये. त्या त्या देशाची भाषा शिकल्याचे परीक्षेचे प्रमाणपत्र जो दाखवील, त्यासच साहाय्य द्यावे. कारण ज्याने सहा महिने शब्द घोकले, त्याची निष्ठा पारखून झालीच असे समजावे. आणि साहाय्य कर्जाऊ असल्यास फेडीची मुदत लांब ठेवावी, कारण या वाटेवर पीक उशिरा येते.

पादुआच्या त्या आठ नटांनी आजारी सोबत्यासाठी पेटी उघडी ठेवली होती. आपल्या मंडळाचीही पेटी आहे, तिच्याही किल्ल्या विश्वस्तांच्या हाती आहेत. ज्या मुलामुलींची वाट आपल्यास अपरिचित आहे, त्यांच्यासाठी ती उघडावी की नाही, याचा निर्णय आपण थोरांनी करावयाचा आहे.