जमीन विकत घेतली की रोखा?

आजचा विषय ऐकायला जरा वकिली वाटेल, पण थेट तुमच्याआमच्या पैशाशी जोडलेला आहे. सिक्युरिटी म्हणजे नक्की काय? आपण साधारणपणे रोखे म्हणतो, सरकारी मराठीत प्रतिभूती. शेअर, डिबेंचर, सरकारी रोखे, म्युच्युअल फंडाची युनिट्स ही नावं १९५६ च्या कायद्याच्या व्याख्येत आहेत, त्यांबद्दल फारसा वाद नाही. वाद होतो तो जी वस्तू वेगळंच नाव घेऊन तुमच्या दारात येते तिच्याबद्दल.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडामध्ये हॉवी नावाची कंपनी होती. संत्री वगैरे फळांच्या मोठ्या बागा. या बागांतले लहान लहान तुकडे ती लोकांना विकायची, अगदी एकराहून कमीसुद्धा. रीतसर खरेदीखत व्हायचं. सोबत दुसरा एक करार असायचा: मशागत, तोडणी, विक्री सगळं हॉवीचीच दुसरी कंपनी बघणार. घेणारे बहुतेक परराज्यातले, शेतीतलं काही न कळणारे. तुकड्यांना कुंपण नाही, माल सगळा एकत्र, आणि हंगामाला नफ्यातला वाटा.

आता सांगा, या लोकांनी जमीन घेतली का? कागद म्हणतो, हो. पण १९४६ साली तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कागद बाजूला ठेवा, व्यवहार बघा. पैसे गुंतवलेत, उद्योग सामाईक आहे, नफ्याची आशा आहे, आणि तो नफा दुसऱ्याच्या मेहनतीतून येणार आहे. म्हणजे हा गुंतवणुकीचा करार, म्हणजेच सिक्युरिटी. हीच ती 'हॉवी कसोटी'. क्रिप्टोच्या खटल्यांतही आज तीच लावली जाते.

आपल्याकडे काय झालं? नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांच्या जाहिराती यायच्या, आठवतंय का? आज झाड घ्या, वीस वर्षांनी लखपती व्हा! त्यानंतर सेबी कायद्यात कलम ११ एए आलं. ते चार गोष्टी विचारतं. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात का? पैसे नफा, उत्पन्न, पीक किंवा मालमत्ता मिळेल म्हणून दिलेत का? कारभार गुंतवणूकदारांच्या वतीने दुसरं कोणी बघतं का? आणि रोजच्या कारभारावर गुंतवणूकदाराचा ताबा नाही, असं आहे का? चारही उत्तरं 'हो' आली, की ती सामूहिक गुंतवणूक योजना. तिची युनिट्स म्हणजे रोखेच, आणि सेबीची नोंदणी हवीच.

पीजीएफ नावाच्या कंपनीने म्हटलं, आम्ही तर फक्त शेतजमीन विकतो, सेबीचा काय संबंध? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पुढच्याच वर्षी पीएसीएलला सेबीने लोकांचे ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. तिथेही नाव जमिनीचंच होतं.

मग पतसंस्थेतली ठेव? चिट फंड? त्यात पैसे आपले आणि कारभार दुसऱ्याचाच, पण कायद्याने ते या कलमातून वगळलेत. याचा अर्थ ते बेकायदा आहेत असा नाही. त्यांचा रखवालदार वेगळा आहे, एवढंच. पतसंस्था सहकार खात्याकडे. ठेवी बुडाल्या तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, ज्याला लोक एमपीआयडी म्हणतात. ॲपवरच्या डिजिटल सोन्याचंही असंच. ते आपल्या नियमनाखाली येत नाही, असं सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांना सांगितलं. सोन्याचा ईटीएफ मात्र येतो.

म्हणून व्याख्येचा हा खटाटोप. पैसे अडकले की माणूस आधी विचारतो, तक्रार कुठे करू? ते उत्तर तुम्ही काय विकत घेतलंत यावर ठरतं, आणि ते सही करायच्या आधी कळलेलं बरं. कुणी शेळी, झाड, प्लॉट, खोली काहीही विकायला आलं आणि म्हणालं, 'तुम्ही काही करू नका, आम्ही सगळं बघतो', तर तिथेच थांबा. सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर तो स्वतः तपासा. समोरचा म्हणाला, 'हे सेबीत येत नाही', तर विचारा, मग कोणाकडे येतं? ते लेखी द्या.

उत्तर मिळालं नाही, तर पैसे देऊ नका.