न कळलेल्या समुद्राकाठी

परग्रहावरचा पाहुणा आपल्या गोष्टीत आला की तिसऱ्या पानावर आपली भाषा बोलू लागतो. पोलिश लेखक स्तानिस्लाव्ह लेम यांच्या १९६१ सालच्या ‘सोलारिस’ कादंबरीत तसं होत नाही. तिथं एका ग्रहावर विचार करणारा समुद्र आहे. शास्त्रज्ञांच्या पिढ्या त्याच्यावर ग्रंथ लिहितात. तो मात्र त्यांच्याच आठवणीतली माणसं त्यांच्यापुढे उभी करतो. ही भेट की शिक्षा, शेवटपर्यंत कळत नाही.

जळगावला जुन्या बाजारात मिळालेली तिची इंग्रजी प्रत मी धुळ्याला अम्मीच्या उशाशी बसून वाचली. अर्धांगवायूनं तिची वाचा गेली होती. घरात उर्दू, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी, अशा तीन भाषांत वाढलेला मी कवी. पण तिच्या एका हुंकाराचा अर्थ मला लागत नव्हता. पाणी हवं? कूस बदलू? ती नुसती बघायची.

कादंबरीचा नायक शेवटी किनाऱ्यावर हात पुढे करतो. लाट हाताला वेढते, पण शिवत नाही. तरी तो तिथंच थांबायचं ठरवतो.

मीही विचारणं थांबवलं. तिचा हात हातात घेऊन बसलो. कळलं काहीच नाही. उठावंसंही वाटलं नाही.