पॉलिफेमसची पहाट



आज मी तुमच्यासमोर एकच चित्र ठेवणार आहे. जे. एम. डब्ल्यू. टर्नर या इंग्रज चित्रकाराचं, 'पॉलिफेमसला डिवचणारा युलिसिस'. १८२९ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते प्रथम लोकांसमोर आलं. आज ते लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहे. रुंदी दोन मीटरांहून थोडी जास्त, उंची सव्वा मीटरच्या वर.

गोष्ट होमरच्या 'ओडिसी'च्या नवव्या सर्गातली. ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालेला ओडिसियस, म्हणजेच युलिसिस, बारा सोबत्यांना घेऊन एका गुहेत शिरतो. गुहा पॉलिफेमसची. हा एका डोळ्याचा राक्षस, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, आणि पेशाने मेंढपाळ. तो गुहेच्या तोंडाला प्रचंड धोंड लावतो आणि दोन-दोन करत सहा माणसं खाऊन टाकतो. ओडिसियस त्याला कडक मद्य पाजतो, आपलं नाव 'कुणीच नाही' असं सांगतो, आणि तो झिंगून पडला की ऑलिव्हच्या लाकडाचा तापवलेला खुंट त्याच्या डोळ्यात खुपसतो. किंकाळ्या ऐकून शेजारचे राक्षस येतात, 'कोण मारतंय?' विचारतात. 'कुणीच नाही' हे उत्तर ऐकून आल्या वाटेने परत जातात. पहाटे कळप चरायला बाहेर पडतो आणि उरलेले लोक मेंढ्यांच्या पोटाला बिलगून निसटतात.

इथे होमर एक विलक्षण जागा निर्माण करतो. सगळ्यांच्या शेवटी कळपाचा म्होरक्या एडका निघतो, कारण त्याच्या पोटाखाली ओडिसियस लटकलेला आहे. आंधळा पॉलिफेमस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि विचारतो, बाबा, रोज तू सर्वांच्या पुढे असतोस, आज मागे का? धन्याच्या डोळ्याचं दुःख झालं का तुला? माणसं खाणाऱ्या राक्षसाबद्दल पोटात कालवाकालव व्हावी, ही होमरची थोरवी.

हा प्रसंग रंगवताना कलावंतांची नजर सहसा डोळा फोडण्याच्या क्षणाकडे गेली. ग्रीसमधल्या एलेफ्सिसला सापडलेल्या, इसवी सनपूर्व सातव्या शतकातल्या एका मोठ्या मातीच्या कुंभावर तोच क्षण आहे. टर्नरने तो घेतला नाही. त्याने निवडली ती त्यानंतरची वेळ. जहाज किनाऱ्यापासून सुटलंय, जीव वाचलाय, आणि आता गप्प बसायचं सोडून ओडिसियस डेकवर उभा राहून राक्षसाला हिणवतोय. सोबती गयावया करतात, नको, आपल्याला बुडवाल. तो ऐकत नाही. आपलं खरं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं ओरडून सांगतो. रात्रभर ज्या नावाने त्याला तारलं, ते तो स्वतःहून टाकून देतो.

चित्रात हा ओडिसियस शोधावा लागतो. उंच शिडाच्या, सोन्याने मढवल्यासारख्या जहाजावर हात उंचावलेली इवलीशी आकृती. खलाशी दोरखंडांवर चढून शिडं सोडताहेत. एका झेंड्यावर ट्रॉयचा लाकडी घोडा आहे. नाळेजवळच्या पाण्यात जलकन्या पोहताहेत, त्यांच्या कपाळांवर चांदण्या. डावीकडे काळोख्या गुहांच्या तोंडाशी विस्तवाची लाली. आणि वर, कड्याच्या माथ्यावर, धुक्याचा एक लोट पसरलाय. जरा थांबून पाहिलं की त्या लोटाला खांदे फुटतात, डोकं दिसू लागतं. तो पॉलिफेमस. तो कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो, हे टर्नरने सांगितलेलं नाही.

आता उजवीकडे पाहा. तिथे सूर्य उगवतोय. क्षितिजाला लागून पिवळ्या, केशरी, लाल रंगांचा असा कल्लोळ की पुढचं नाट्य काही वेळ विसरायला होतं. टर्नरला सूर्यप्रकाशाचा चित्रकार म्हणतात आणि हे विशेषण त्याच्या कित्येक चित्रांना लागू पडतं. पण इथे त्या प्रकाशाला एक साक्षीदार आहे, ज्याला तो दिसत नाही. ज्याच्या कड्यावर हे ऊन पडतंय, त्याचा एकुलता एक डोळा काल रात्रीच गेला आहे. टर्नरने आपली सर्वांत भव्य पहाट नेमकी या आंधळ्यासमोर उगववली. मला हा योगायोग वाटत नाही. होमरच्या कथेत आपण जहाजावर असतो, ओडिसियसच्या बाजूने. टर्नरच्या चित्रात आपल्याला दोन्हीकडे उभं राहावं लागतं.

रंगांवरून त्या वेळी टीका झाली. हे रंग वेडाचार आहेत, असं एका वृत्तपत्राने लिहिलं. क्रोम यलोसारखे पिवळे रंग तेव्हा चित्रकारांच्या पेटीत नवे होते आणि टर्नर ते हात राखून वापरत नसे. शिवाय तो रोमहून नुकताच परतला होता. भूमध्य समुद्राकाठचं ऊन त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, लंडनच्या धुरकट आभाळाखाली बसून कल्पिलेलं नव्हतं. पुढे कलासमीक्षक जॉन रस्किनने हेच चित्र टर्नरच्या कारकिर्दीच्या मध्यस्थानी ठेवलं. रस्किनचं मत मला पटतं. याच्या आधीचा टर्नर आकार नीट सांभाळणारा आहे, नंतरचा आकार प्रकाशात विरघळवणारा. इथे जहाजाचा दोर न् दोर दिसतो आणि राक्षस मात्र ढग झालेला आहे.

एका गोष्टीची हळहळ वाटते. सूर्याच्या ठिकाणी टर्नरने सूर्यदेवाच्या रथाचे घोडे रंगवले होते. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं १८१६ पासून ब्रिटिश म्युझियमच्या मालकीची होती. त्या शिल्पांतल्या घोड्यांवरून हे घोडे घेतलेले. आज ते इतके पुसट झालेत की सांगितल्याशिवाय नजरेत येत नाहीत. ते ठसठशीत होते तेव्हा हा उजेड नुसतं हवामान नव्हता. एक देव उगवत होता, आणि दुसऱ्या देवाचा मुलगा आंधळा होऊन कड्यावर पडला होता.

मूळ गोष्टीत पॉलिफेमस डोंगराचं शिखर उपटून फेकतो. पहिल्या खेपेला लाट उसळून जहाज पुन्हा किनाऱ्याकडे रेटलं जातं. मग, नाव कळल्यावर, तो हात वर करून बापाची प्रार्थना करतो. ओडिसियस घरी पोचूच नये. आणि पोचायचं नशिबात असेल तर उशिरा पोचावा, सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरात संकट वाट पाहत असावं. नाव ठाऊक नसतं तर हा शाप कुणाला लागला असता? पोसायडन प्रार्थना ऐकतो आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होतो.

चित्रात दूर उन्हात ओडिसियसच्या ताफ्यातली बाकीची जहाजं दिसतात. होमरच्या हिशेबाने ती अकरा. त्यांच्यावरच्या माणसांनी पॉलिफेमसला पाहिलेलंही नाही, ती शेजारच्या बेटावर थांबली होती. पुढच्याच सर्गात लेस्ट्रिगोनियन राक्षस त्यांच्यावर दरड कोसळावी तसे धोंडे फेकतात आणि अकराही जहाजं बंदरातच फुटतात. समोर दिसणारं, ओडिसियसचं सोनेरी जहाज त्यातून निसटतं. ते नंतर वीज पडून बुडतं आणि त्यातून तो एकटाच वाचतो.