खर्ड्याच्या बापाचा प्रश्न



28 एप्रिल 2014. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारून झाडाला लटकवलं. कारण काय, तर म्हणे सवर्ण मुलीशी बोलतो. नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या कोर्टातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. कितीतरी साक्षीदार फितूर झाले, त्यात शाळेतली माणसंही. भर दिवसाची गोष्ट, अन् पाहिलं कुणीच नाही! मग बापानं विचारायचं कुणाला, की माझ्या पोराला मारलं कुणी? आईबाप खडी फोडणारे. मजुरी बुडवून तारखेला जायचं, अन् ओळखीची माणसं पिंजऱ्यात उलटताना बघायची.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून कलम 15-अ आलंय. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च. कुटुंबाला खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क. आपल्यात किती जणांना ठाऊक आहे? मोर्चाला हजारो येतात, चांगलंच आहे; पण साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्या बापाशेजारी बसायला माणूस लागतो. वस्तीतली वकील पोरं-पोरी इथं बसलीत. त्यांनी हे कलम सोप्या मराठीत विहाराच्या फळ्यावर लिहावं. खडू मी आणतो.