ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर : पिकाला जुळणारे, जिवाला सुरक्षित

(शेतकरी मेळाव्यातील कृषी अवजारे व यंत्रे या विषयाच्या सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती पाहतो, डिझेलचा खर्च विचारतो, हायड्रॉलिक किती वजन उचलते तेही पाहतो. परंतु मागच्या दोन चाकांमधील अंतर किती, आणि ते कमी-जास्त करता येते का, हा प्रश्न फार थोडे शेतकरी विचारतात. ट्रॅक्टर शोरूममधून ज्या अंतरावर बाहेर पडतो त्याच अंतरावर तो पुढे वर्षानुवर्षे चालतो. नांगरटीला तेच, कोळपणीला तेच आणि डोंगरउताराच्या शेतातही तेच. त्यामुळे पीक तुडवले जाते, अवजार एका अंगाला ओढले जाते आणि बांधावर ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका वाढतो.

अंतर कसे मोजावे?

एका मागील टायरच्या मध्यापासून दुसऱ्या मागील टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे चाकांतील अंतर. ते जमिनीलगत, टेपने मोजावे. ट्रॅक्टरची एकूण रुंदी निराळी. ती काढण्यासाठी या अंतरात एका टायरची रुंदी मिळवावी. उदाहरणार्थ, अंतर १२२ सेंमी आणि टायर १२.४ इंची, म्हणजे सुमारे ३१.५ सेंमी रुंद असेल, तर बाहेरून बाहेर रुंदी सुमारे १५४ सेंमी भरते. द्राक्ष व डाळिंबाच्या बागायतदारांनी हा दुसरा आकडा ध्यानात ठेवावा. दोन ओळींमधून जाताना फांद्या आणि ठिबकची नळी वाचवायची, तर हाच हिशेब लागतो.

ऑफसेट म्हणजे काय?

मागील चाकाचे दोन भाग असतात. टायर ज्यावर बसते ती रिम, आणि हबला नट-बोल्टने जोडली जाते ती डिस्क. डिस्कचा हबला टेकणारा भाग रिमच्या बरोबर मध्यावर नसतो, तो एका बाजूला सरकलेला असतो. या सरकलेल्या अंतरालाच ऑफसेट म्हणतात. टेकणारा भाग चाकाच्या बाहेरील बाजूस असेल तर चाक आत जाते व अंतर कमी होते. तो आतील बाजूस आला की चाक बाहेर जाते व अंतर वाढते.

डिस्क उलटी करून, रिम डिस्कच्या या किंवा त्या बाजूस बसवून निरनिराळी अंतरे मिळतात. मध्यम आकाराच्या अनेक ट्रॅक्टरांत अशा आठ जागा असतात आणि ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांच्या टप्प्याने अंतर बदलता येते. प्रत्येक चाक दोन इंच बाहेर गेले की एकूण अंतर चार इंच वाढते. आपल्या ट्रॅक्टरला कोणत्या जागा आहेत, त्याची आकृती कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पाहूनच काम करावे.

पिकाच्या ओळीशी मेळ

चाक दोन ओळींच्या बरोबर मधून चालले पाहिजे. त्यासाठी चाकांतील अंतर हे ओळींतील अंतराच्या पूर्ण पटीत असावे. एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

– ४५ सेंमीवरील सोयाबीन : १३५ किंवा १८० सेंमी. जवळची जागा ५२ इंच (१३२ सेंमी) किंवा ७२ इंच (१८३ सेंमी).
– ६० सेंमीवरील पीक : १२० किंवा १८० सेंमी. जवळची जागा ४८ इंच (१२२ सेंमी) किंवा ७२ इंच.
– ७५ सेंमीवरील पीक : १५० सेंमी. जवळची जागा ६० इंच (१५२ सेंमी).
– ९० सेंमीवरील कपाशी : १८० सेंमी. जवळची जागा ७२ इंच.

दोन-तीन सेंमीचा फरक दोन चाकांत वाटला जातो, त्याने बिघडत नाही. मात्र टायरची रुंदी विसरू नये. ४५ सेंमीच्या ओळीत १२.४ इंची टायर घातले तर दोन्ही अंगांना सात-सात सेंमीसुद्धा जागा उरत नाही. जरा स्टेअरिंग हलले की रोप चाकाखाली गेले. तेथे ८.३ इंची टायरचा छोटा ट्रॅक्टर घातल्यास प्रत्येक बाजूस सुमारे १२ सेंमी जागा मिळते. पीक ट्रॅक्टरच्या पोटाला लागेल एवढे वाढले की मग अंतर कितीही जुळलेले असले तरी आंतरमशागत बैलाने किंवा हातकोळप्यानेच करावी.

रुंद वरंबा-सरी पद्धतीतही हाच विचार आहे. काळ्या जमिनीसाठी इक्रिसॅट या संस्थेने जी पद्धत बसवली, तीत वरंबा व सरी मिळून १५० सेंमी होतात. चाकांतील अंतर १५० सेंमी ठेवल्यास चाके दरवेळी सरीतूनच जातात. वरंब्यावरील माती दबत नाही आणि मुळांना हवा मिळते.

पुढील चाके विसरू नयेत. मागील चाक ज्या पट्ट्यातून जाते त्याच पट्ट्यातून पुढील चाक गेले पाहिजे. पुढचा अॅक्सल दोन्ही बाजूंना सारखाच सरकवावा, स्टेअरिंगचे दांडे त्याप्रमाणे लांब-आखूड करावेत आणि चाकांची आतील ओढ पुस्तिकेप्रमाणे तपासावी. हे न केल्यास पुढील टायर एका बाजूने झिजतात.

उतार आणि तोल

आता जिवाशी संबंध असलेला भाग. चाकांतील अंतर १२० सेंमी आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंमी उंच धरला, तर हिशेबाने उभ्या ट्रॅक्टरचा तोल आडव्या उतारावर सुमारे ३९ अंशांवर जातो. अंतर १५० सेंमी केले तर तो ४५ अंशांवर जातो. परंतु या आकड्यांवर विसंबून कोणी उतारावर जाऊ नये. पुढील अॅक्सल मध्यभागी एका पिनेवर झुलता असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तोल याआधीच जातो. १२० सेंमी अंतरावर वरच्या चाकाखाली १५ सेंमीचा दगड आला आणि खालचे चाक १० सेंमी खड्ड्यात गेले, तर एका क्षणात आणखी १२ अंश झुकाव वाढतो. त्यात वेग, वळण, उचललेले अवजार किंवा हिंदकळणारी फवारणीची टाकी यांची भर पडते.

म्हणून आडव्या उतारावर काम करताना पुस्तिकेने मान्य केलेले शक्य तेवढे रुंद अंतर ठेवावे, अवजार खाली ठेवावे आणि वळण सावकाश घ्यावे. विहिरीच्या, ओढ्याच्या व बांधाच्या कडेपासून दूर राहावे. मडगार्डवर कोणालाही बसवू नये. संरक्षक चौकट असलेल्या ट्रॅक्टरवर सीटबेल्ट लावावा. ट्रॅक्टर कलंडताना चालक चौकटीच्या आत राहिला तरच ती वाचवते.

नांगरटीला मात्र फार रुंद अंतर उपयोगाचे नाही. नांगराच्या ओढीचा मध्य ट्रॅक्टरच्या मध्यरेषेजवळ आला पाहिजे. तो बाजूला गेला की स्टेअरिंग एका अंगाला ओढते, टायर घसरते आणि डिझेल जास्त लागते.

स्पेसर लावावा का?

हब आणि डिस्क यांच्यामध्ये लोखंडी तबकडी घालून चाक बाहेर काढण्याची युक्ती वर्कशॉपमध्ये सुचवली जाते. पहारीचे टोक जितके लांब, तितका तिच्या बुडाशी जोर जास्त. तसेच चाक बाहेर गेले की अॅक्सल व बेअरिंगवरचा वाकवणारा ताण वाढतो. कंपनीने दिलेल्या जागांपर्यंतचा ताण तिने हिशेबात धरलेला असतो, त्यापलीकडचा नाही. शिवाय तबकडीच्या जाडीमुळे बोल्टवर नट पुरेसा चढत नाही. नटाचे आटे किमान बोल्टच्या जाडीइतके धरलेले असावेत. म्हणून घरगुती तबकडी, एकावर एक दोन स्पेसर किंवा वॉशरची चळत कधीही वापरू नये. कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला स्पेसर असेल तरच, योग्य लांबीच्या बोल्टसह बसवावा. रुंद अंतरावर भरलेली ट्रॉली ओढणेही टाळावे.

आपल्या घरच्या जीप किंवा मोटारीलाही हेच लागू आहे. तिच्या रिमवर ऑफसेटचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. ४० ऑफसेटच्या चाकाला १५ मिमीचा स्पेसर लावला की ऑफसेट २५ उरतो आणि दोन्ही बाजू मिळून अंतर ३० मिमी वाढते. चाक मडगार्डच्या कडेशी बरोबर आलेले दिसायला छान दिसते. पण गाडी भरलेली असताना आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कोठे घासत नाही ना, स्पेसर हबच्या मध्यभागी घट्ट बसतो ना, हे आधी पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत. तेव्हा बदलापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करावी.

अंतर बदलताना

१. जागा सपाट व टणक असावी. ट्रॅक्टर गियरमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा आणि चाकांना लाकडी पाचर द्यावी.
२. पुढील अॅक्सल व त्याची बैठक यांमध्ये दोन्ही बाजूंना पाचर ठोकावी, म्हणजे ट्रॅक्टर झुलणार नाही.
३. नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. मग जॅक लावून अॅक्सलखाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये.
४. एका वेळी एकच चाक काढावे. टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास ते आधी काढावे, अशा चाकाचे वजन माणसाला आवरत नाही.
५. चाक उलटे केल्यास टायरच्या नक्षीची दिशा उलटते, म्हणून डावे-उजवे अदलाबदल करावे. मागून पाहताना नक्षीचे टोक वर असावे.
६. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. तासभर कामानंतर आणि पुन्हा दिवसाअखेर तपासावेत.

दोन माणसांचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. खरिपाच्या पेरणीपूर्वी ते उरकल्यास पेरणी यंत्र आणि कोळपे दोन्ही एकाच अंतरावर जुळवता येतात. आपली पिके, ओळींतील अंतर आणि टायरचा आकार कागदावर लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या कृषी अवजारे विभागात दाखवावे. तेथील अभियंते योग्य अंतर काढून देण्यास मदत करतील.