नागीण : समजूत आणि उपचार

अंगावर एकाएकीं पाण्यानें भरलेले फोड उठले म्हणजे घरांतील माणसें घाबरून जातात. असे फोड नाना कारणांनीं येतात. कोठें बिब्बा उततो, तर कोठें रात्रीं दिव्याभोंवतीं जमणारा एखादा किडा अंगावर चिरडला जातो. नवें औषध सुरू केल्यावर फोडांबरोबर तोंड व डोळेही सोलूं लागले, तर विनाविलंब रुग्णालय गांठावें. परंतु आधीं दोन-तीन दिवस एका जागीं ठणका लागून मग अंगाच्या एकाच बाजूस फोडांचा पट्टा उमटला, तर ती बहुधा नागीण होय.

नागिणीचें तोंड व शेपूट एकमेकांस मिळालें कीं रोगी दगावतो, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिला आधार नाहीं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणु शरीर सोडीत नाहीं. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गांठींत तो वर्षानुवर्षें निपचित राहतो. आणि वार्धक्यानें किंवा दुखण्यानें प्रतिकारशक्ति उणावली म्हणजे एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनें कातडीवर येतो. असा प्रत्येक तंतु शरीराची एकच बाजू सांभाळतो. म्हणून विळखा सहसा पुरा होतच नाहीं. नागिणीच्या रोग्याच्या सहवासांत मुलांना कांजिण्या येतात, हें पाहून बुडापेस्टचे बालवैद्य बोकाय यांनीं १८९२ सालीं या दोन रोगांचें नातें सुचविलें होतें. यास्तव फोड झांकून ठेवावेत आणि तान्हीं मुलें व कांजिण्या न आलेल्या गर्भवती यांना जपावें.

मांत्रिकास यश येतें, तें कसें? फोड बहुधा सात ते दहा दिवसांत सुकतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी बरी होते. मंत्र घातला काय आणि न घातला काय! मात्र गेरूचे लेप व उतारे यांत जे पहिले दिवस जातात, तेच मोलाचे असतात. असायक्लोव्हिरसारखें औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आंत सुरू झालें, तर त्याचा गुण उत्तम येतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर दृष्टीस धोका असतो. त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें. वृद्धांना कातडी बरी झाल्यावरही महिनोन् महिने वेदना छळते. तिच्यावर निराळे उपचार आहेत, ती मुकाट्यानें सोसूं नये.

घरीं करावयाचें तें थोडेंच. फोड फोडूं नयेत. स्वच्छ पाण्यानें धुवून जागा कोरडी ठेवावी. सैल सुती वस्त्र नेसावें. पन्नाशी उलटलेल्यांसाठीं आतां दोन मात्रांची प्रतिबंधक लसही आहे. तिच्याविषयीं आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावें.