माधापरच्या तीनशे जणी

(विजय दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दर वर्षी १६ डिसेंबर आला की ढाक्यातील शरणागतीचे ते छायाचित्र वृत्तपत्रांतून पुन्हा झळकते. लेफ्टनंट जनरल नियाझी मान खाली घालून स्वाक्षरी करीत आहेत, शेजारी लेफ्टनंट जनरल अरोरा बसले आहेत. तेरा दिवसांचे युद्ध, त्र्याण्णव हजार युद्धकैदी आणि एका नव्या राष्ट्राचा जन्म! त्या विजयाचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु त्या छायाचित्रात न मावलेली माणसेही पुष्कळ आहेत. आजचे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

सभागृहात साठी ओलांडलेले अनेकजण बसले आहेत. खिडक्यांच्या काचांना डकवलेले काळे कागद आणि भोंगा वाजताच विझणारे दिवे त्यांना आठवत असतील. टपालावरचे पाच पैशांचे जादा तिकीटही आठवत असेल. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोट निर्वासितांच्या साहाय्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून हा अधिभार सुरू झाला. नाशिकरोडच्या मुद्रणालयातून त्यासाठी मजकूर छापलेली तिकिटे निघाली. पाच पैसे ही रक्कम क्षुल्लक खरी; पण पगाराच्या पाकिटातून महिना कसाबसा भागविणारी घरेदेखील तो भार कुरकुर न करता सोसत होती. त्या पिढीचा हा वाटा सहसा कोणी मोजत नाही.

कच्छमधील काही स्त्रियांनी मात्र याहून पुष्कळ अधिक दिले.

कच्छला युद्ध नवे नव्हते. १९६५ च्या एप्रिलमध्ये रणात चकमकी झडल्या. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने कच्छच्या आकाशात पाडले आणि विमानातील सर्वजण प्राणास मुकले. १९७१ च्या डिसेंबरात पुन्हा त्या आकाशातून शत्रू आला. ८ डिसेंबरच्या रात्री भूजच्या हवाई तळावर बॉम्ब पडले, धावपट्टी उखडली गेली. धावपट्टी नसेल तर विमान असून नसल्यासारखेच. आणि विमाने नसतील तर सीमा उघडी.

तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. मूळचे नागपूरचे. (१९५६ ते १९६० या काळात कच्छ आणि नागपूर एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते, हे आता फारसे कोणाच्या लक्षात नसते.) दुरुस्तीसाठी हात हवे होते आणि मजूर पुरेसे नव्हते. तेव्हा भूजलगतच्या माधापर गावाला साद घालण्यात आली. सुमारे तीनशे जणी निघाल्या, त्यांपैकी बहुतेक माधापरच्याच. लेकरे शेजारणींच्या हवाली केली आणि त्या तळावर पोहोचल्या.

तेथे काय करायचे होते? ढिगारे उपसायचे, खडी-सिमेंट कालवायचे, पाट्या वाहायच्या आणि खड्डे बुजवायचे. हे काम कोणत्याही बांधकामावर होते. फरक इतकाच, की येथे डोक्यावर शत्रूची विमाने घिरट्या घालीत होती. भोंगा वाजला की हातचे टाकून झुडपांत दडायचे, धोका टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा पाटी उचलायची. वरून दिसू नये म्हणून फिकट हिरव्या साड्या नेसण्यास सांगितले होते. झालेले काम आकाशातून ओळखू येऊ नये म्हणून त्यावर शेणकाला सारवला जाई. अंगण सारवणाऱ्या हातांना ते शिकवावे लागले नाही! पहिल्या दिवशी बहुतेकींच्या पोटात अन्न नव्हते. दुसऱ्या दिवशी जवळच्या मंदिरातून फळे आणि मिठाई आली. बहात्तर तासांत धावपट्टी सिद्ध झाली आणि चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिच्यावरून विमान झेपावले.

याच दिवसांत, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. भूजच्या धावपट्टीवर त्या दिवसांत खडी पडत होती आणि अरबी समुद्रात नौसैनिक प्राण देत होते. सैनिकाचे बलिदान सर्वोच्च, यात वाद नाही. पण गणवेश नाही, शपथ नाही, वेतनाचा करार नाही, अशा घरगुती बायका बॉम्बच्या छायेत उभ्या राहतात तेव्हा त्या कोणत्या आज्ञेने उभ्या राहतात, याचा विचार व्हावा.

आपल्या परंपरेत पितृऋणाची कल्पना आहे. ते ऋण आपापल्या कुळापुरते मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. माधापरच्या त्या स्त्रिया आपल्यापैकी कोणाच्या कुळातल्या नव्हत्या. तरी १९७१ नंतर जन्मलेले प्रत्येक मूल त्यांचे काही देणे लागते. हे देणे आपण कसे फेडले? गावात त्यांचे स्मारक उभे राहायला चार दशकांहून अधिक काळ लोटला. पुष्कळांना त्यांची कथा कळली ती २०२१ मध्ये आलेल्या हिंदी चित्रपटामुळे. आणि चित्रपटात जेवढी कथा असते तेवढीच कळली. त्या काळात विशीत असलेल्या स्त्रिया आज सत्तरीपलीकडे आहेत. त्यांतील कित्येकजणी तर केव्हाच गेल्या. आपल्याच गल्लीत, आपल्याच वाड्यात त्या काळची माणसे आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारायला आपल्याला सवड होत नाही, ही गोष्ट चित्रपटाने झाकली जात नाही.

युद्ध संपल्यावर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी या स्त्रियांना भेटी देऊ केल्या. केले ते देशासाठी केले, असे म्हणून त्यांनी त्या नाकारल्या. पुढे शासनाकडून पन्नास हजार रुपये आले. तीनशे जणींत वाटले असते तर प्रत्येकीच्या वाट्याला दीडशेहून अधिक रुपये आले असते आणि त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. त्यांनी ते वाटून घेतले नाहीत. त्या पैशांतून माधापरमध्ये गावासाठी सभागृह बांधले गेले.